हिरव्या आकड्यांचा कागद

आता मी महागावला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याआधी नऊ वर्षं यवतमाळला होतो. आर्णी रोडवर टायरचं एक मोठं दुकान होतं. त्याच्या मागच्या शेडमध्ये गाड्यांची चाकं सरळ करायचं मशीन होतं आणि त्या मशीनवर मी होतो. आयटीआय करून आलो तेव्हा सुरुवातीला टायर काढणं, पंक्चर काढणं हेच केलं. दोन वर्षांनी मालकानं मशीनवर घेतलं. त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, की मी आता कॉम्प्युटरवर काम करतो. तिनं ते गावभर सांगितलं.

काम तसं साफ होतं. गाडी रॅम्पवर घ्यायची, चारही चाकांना सेन्सर बसवायचे, स्टेअरिंग सरळ करून अडकवून ठेवायचं. मग स्क्रीनवर आकडे येतात. चाक वाकडं असेल तर आकडा लाल, सरळ असेल तर हिरवा. लाल असला की गाडीखाली उतरायचं, टायरॉडचा नट ढिला करायचा, दांडा थोडा थोडा फिरवायचा आणि आकडा हिरवा होईपर्यंत मान वर करून स्क्रीनकडं पाहत राहायचं. टायरॉड म्हणजे स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारा दांडा. शेवटी कागद छापून निघतो. लोकांना तो कागद फार आवडायचा. कितीतरी जण घडी घालून गाडीतच ठेवत.

पण मशीनला हात लावण्याआधी एक तपासणी असते आणि ती मशीन करत नाही, माणूस करतो. चाक जमिनीपासून उचलायचं आणि दोन्ही हातांनी दोन बाजूंना धरून हलवायचं. ते खटखट वाजलं तर टायरॉडच्या टोकाचा जोड झिजलेला असतो. तो बदलल्याशिवाय अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सेटिंग, करायची नाही, कारण तिला अर्थच उरत नाही. आणि तो जोड फारच झिजला असेल तर एक दिवस निखळतो. मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर नका फिरवू, चाक आपल्या मनानं जातं. हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पुढं मीही दोघातिघांना शिकवलं.

तो बाभुळगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला होता. वय पस्तिशीच्या आसपास. पांढरी व्हॅन होती त्याची. सकाळी आसपासच्या चार गावांतली पोरं गोळा करून बाभुळगावला शाळेत सोडायचा, संध्याकाळी परत न्यायचा. मधल्या वेळात कुणाला दवाखान्यात, कुणाला लग्नाला. सहा-आठ महिन्यांतून एकदा माझ्याकडं यायचा. आला की "जय भीम, भाऊ" म्हणायचा आणि गाडी रॅम्पवर चढली की इतरांसारखा चहाला निघून जायचा नाही. माझ्या शेजारी उभा राहून स्क्रीन पाहायचा. हा आकडा कशाचा, तो कशाचा, विचारायचा. गाडीची फरशी रोज धुतो म्हणायचा, कारण पोरं ओकतात. त्याची स्वतःची मुलगी तिसरीत होती. पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून ती रोज भांडते आणि गाडीवाल्याची पोरगी असूनही हा तिला मागं बसवतो, असं त्यानं एकदा हसत सांगितलं होतं. आमची ओळख एवढीच.

त्या शनिवारी दुपारी तो आला. कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रीघ होती आणि आमच्याकडंही चार गाड्या थांबलेल्या.

"डावीकडं ओढून राह्यली भाऊ," तो म्हणाला. "हात सोडला का चालली रस्ता सोडून."

पुढचे दोन्ही टायर आतल्या अंगानं खाल्लेले होते. मी डावं चाक उचललं, हलवलं. खटखट वाजलं. नुसतं वाजलं नाही, हाताला कळेल एवढं हललं. मी मालकाकडं गेलो आणि सांगितलं, की जोड पार गेला आहे. मालकानं दोन ठिकाणी फोन केले. त्या गाडीचा जोड यवतमाळात नव्हता. नागपूरहून सोमवारी दुपारी येणार होता.

व्हॅनवाल्याला रविवारी मुकुटबनला लग्नाची माणसं न्यायची होती. सोमवारी सकाळी शाळा.

"टायर नवे टाकून दे," मालक मला म्हणाला. "सेटिंग करून दे. सोमवारी आला का जोड बदलू. दोन दिवसात काय होते?"

"सेटिंग येणारच नाही," मी म्हणालो.

"नऊ वर्षं झाले तुले इथं. तुले येत नाही का आणायले?"

हे तो रागानं म्हणाला नाही. त्यात थोडं कौतुकच होतं, आणि मला ते लागलं. चार गाडीवाले बाहेर हॉर्न वाजवत होते.

मी नवे टायर बसवले, सेन्सर लावले. डाव्या चाकाचा आकडा थांबत नव्हता. हात लावला की लाल, सोडला की वेगळाच लाल. तो माणूस तेवढ्यात पाणी प्यायला समोरच्या नळावर गेला होता. शेडमध्ये टायरखाली लावायचे लाकडी ठोकळे पडलेले असतात. त्यातला एक मी उचलला आणि चाक आणि रॅम्पची कड यांच्यामध्ये ठोकून बसवला. चाक जिथं हवं तिथं दाबून राहिलं. आकडा हिरवा झाला. मी कागद छापला. मग ठोकळा पायानं बाजूला सारला.

तो परत आला तेव्हा स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.

"झालं?"

"झालं. एक जोड जरा ढिला आहे. सोमवारी नवा येते. येऊन जा."

"तवरोक चालन ना?"

"हव, चालन."

त्यानं रस्त्यावर एक चक्कर मारली आणि परत येऊन काचेतून मान बाहेर काढली. "एकदम सरळ चालून राह्यली भाऊ!" असं म्हणून गेला. नवे टायर आणि नुकतं बसवलेलं चाक, एखादं किलोमीटर सरळ चालणारच होती.

सोमवारी दुपारी नागपूरहून खोकं आलं. मी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत त्याची वाट पाहिली. तो आला नाही. मला वाटलं, कामात असेल.

मंगळवारी सकाळी एका गिऱ्हाईकानं मोबाइलवर फोटो दाखवला. रस्त्याच्या कडेला नाला, नाल्यात पांढरी व्हॅन, कठड्याचा दगड तिच्या टपावर. सोमवारी सकाळी पोरांना शाळेत सोडून तो एकटाच परत येत होता, म्हणून गाडीत दुसरं कुणी नव्हतं. तो जागीच गेला. फोटो दाखवता दाखवता गिऱ्हाईक म्हणालं, "घेऊन असन बाप्पा. सरळ रस्ता हाये तिथं. सरळ रस्त्यावर कोणी नाल्यात जाते काय?"

मी फोटो मोठा करून पाहिला. टायर कोरे होते, नव्या रबराचे बारीक केस अजून झडले नव्हते. आणि पुढच्या दोन चाकांची तोंडं दोन दिशांना होती.

मी मोबाइल मालकासमोर धरला.

"आदळल्यावरबी निखळते," तो म्हणाला. "आधी निखळलं का नंतर, तुले काय माहीत?"

मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे कुणी शपथ घ्यायला लावली असती तर सांगता आलं नसतं. पण माझ्या हातांना त्या चाकाची खटखट आठवत होती. मालकानं टेबलावरचं खोकं उचलून फळीवर ठेवलं. त्याच आठवड्यात तो जोड दुसऱ्या एका व्हॅनला बसवला. बसवला मीच.

बारा-तेरा दिवसांनी त्याची बायको आली. सोबत तिचे सासरे होते, पांढरं धोतर आणि डोक्याला रुमाल बांधलेले. ती अंगणवाडीत मदतनीस होती. साडीच्या पदराखालून तिनं प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कागद. गाडीच्या पुढच्या खणात सापडला होता. चिखलाचं पाणी लागून वाळलेला. आकडे तरी वाचता येत होते.

"दादा, हे तुमच्या इथलं हाये ना?" तिनं विचारलं. "मले समजत नाही यातलं. पोलिसायनं लिहलं का त्यायनं हयगयीनं गाडी चालवली. मेलेल्या माणसावरच गुन्हा टाकला. गावातले म्हणते का पेऊन होता. ते पेत नोते. सुपारीबी खात नोते. पोरगी शाळेत गेली तं पोट्टे तिले म्हणते, तुह्या बापानं आमाले मारलं असतं." मग कागदावर बोट ठेवून ती म्हणाली, "हा हिरवा हाये, म्हणजे गाडी बराबर होती ना?"

मालक काउंटरच्या मागं उभा होता. शेडमध्ये हवा भरायच्या यंत्राचा आवाज चालू होता. मी कागद हातात घेतला. माझाच छापलेला. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ.

"हो," मी म्हणालो. "बरोबर होती."

"मंग चूक त्यायचीच म्हणा लागन," ती म्हणाली. विचारत नव्हती, स्वतःला सांगत होती. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. कागद घडी करून परत पिशवीत गेला. मालकानं चहा मागवला होता, पण ते दोघं थांबले नाहीत.

त्या कागदावर तिला गाडीत दोष सापडला असता तर नवऱ्याचं नाव सुटलं असतं. ती तेच शोधत यवतमाळपर्यंत आली होती. आणि मी गाडी निर्दोष ठरवून तिला परत पाठवलं. पहिलं खोटं बोललो तेव्हा घाई होती. दुसऱ्या वेळी कसलीही घाई नव्हती.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. आमचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. ती त्याला मांडीवर घेऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "सांगून ते परत येणार हायेत का? तुमाले आत टाकलं तं आमी कोणाकडं पाहाचं?" ती बरोबर नव्हती असं मी म्हणणार नाही. पुढचे तीन आठवडे मी कामावर जात राहिलो. आलेल्या प्रत्येक गाडीचं चाक चार-चार वेळा हलवून पाहायचो. बारीक आवाज आला तरी गाडी परत पाठवायचो. मालक चिडायला लागला. पण ही सगळी मेहनत दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालली होती, आणि मला ते समजत होतं. डोक्यात त्या मुलीला शाळेत ऐकवलेलं वाक्य बसलं होतं. तिनं ते घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं असणार.

एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी एसटीनं बाभुळगावला गेलो आणि तिथून ऑटोनं त्यांच्या गावात. घर विचारलं तेव्हा पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, "तो नाल्यातला का?" आणि हातानं दाखवलं.

त्याची बायको अंगणात सुपात तूर घोळत होती. सासरे खाटेवर. मुलगी दारात बसून काहीतरी लिहीत होती. मला पाहून बायको सूप ठेवून उठली, पाणी आणायला निघाली. मी म्हणालो, "पाणी नको. आधी ऐकून घ्या."

उभ्यानंच सांगितलं. खटखट, नागपूरचा जोड, मालक, ठोकळा, कागद. आणि ती दुकानात आली तेव्हा बोललो ते. मुलीला आत पाठवायचं कुणाला सुचलं नाही.

"ठोकळा केवढा होता?" त्याच्या बायकोनं विचारलं.

मी दोन्ही हातांनी दाखवलं. वीतभर.

"अन् त्यायनं इचारलं तवा काय म्हणले तुमी?"

"चालन, म्हणालो."

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मंग काहून म्हणले?"

गाड्या थांबल्या होत्या, मालक म्हणाला होता, दोन दिवसांचा प्रश्न होता. हे सगळं खरं आहे. पण यातलं एकही उत्तर तिच्यासमोर तोंडातून निघालं नाही.

ती खाली बसली आणि सुपातले खडे निवडायला लागली. दोन-तीन खडे काढले आणि हात तसाच राहिला. खाटेवरचे सासरे म्हणाले, "लिहून दे."

मुलीनं वहीतलं पान फाडून दिलं. दुरेघी पान होतं. मी खाटेच्या कडेला कागद ठेवून लिहिलं. सासऱ्यांना वाचता येत होतं, तरी ते म्हणाले, "तूच वाच." मी वाचलं. मग ते उठले, काठी घेतली आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्यामागं पाच-सहा माणसं होती. दोघांच्या तरी पोरांना त्याची व्हॅन न्यायची, हे नंतर कळलं. पानठेल्यावरचा माणूसही होता.

"आता पुन्हा वाच," सासरे म्हणाले. "मोठ्यानं."

मी त्या माणसांसमोर उभा राहून माझंच लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. ठोकळ्याची ओळ मी भरभर वाचून पुढं गेलो, तेव्हा ते म्हणाले, "ते पुन्हा." मी ती ओळ पुन्हा वाचली. एकानं माझी कॉलर धरली. सासऱ्यांनी काठी मध्ये घातली आणि त्याला म्हणाले, "त्याले सोड. तू काय म्हणत होता माह्या मेलेल्या पोराले, ते सांग." त्या माणसानं कॉलर सोडली. सगळे मान खाली घालून निघून गेले.

शुक्रवारी मी लिहून दिल्याचं मालकाला सांगितलं. त्यानं माझ्या हातातली दुकानाची किल्ली घेतली. "तू माह्यावर नको आणू," एवढंच म्हणाला. नऊ वर्षांनंतरचं आमचं शेवटचं बोलणं.

सोमवारी आम्ही तिघं बाभुळगावच्या पोलीस ठाण्यात गेलो. मी, ती आणि तिचे सासरे. जमादार वयस्कर होता, ऐकून घेणारा होता. त्यानं दुरेघी पान दोनदा वाचलं.

"बाबू, फाइल तं बंद झाली," तो म्हणाला. "आरोपीच मयत आहे. गाडी तपासणारे साहेब लिहून गेले का धडकेनं जोड निखळला. गाडीबी भंगारात गेली. आता तपासाचं काय? अन् तुह्या दुकानाचा कागद तं म्हणते का सगळं बराबर होतं."

"तो कागद खोटा आहे," मी म्हणालो. "मीच काढला."

"तू आता म्हणतं. तवा कागद काढला, आता कागदाले खोटं म्हणतं. कोणतं धरू मी?"

सासरे बाकावर बसून होते. म्हणाले, "घेऊन ठेवा साहेब. आमाले फक्त तुमचा शिक्का पाह्यजे." जमादार म्हणाला, साहेब आल्यावर पाहू. सासरे दुपारपर्यंत त्या बाकावर बसून राहिले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. शेवटी अर्ज आवक रजिस्टरला लागला आणि झेरॉक्सवर 'मिळाला' असा शिक्का बसला. मालकाला एकदा बोलावलं होतं म्हणे. मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. गुन्हा मेलेल्या माणसाच्या नावावर तसाच राहिला.

ठाण्याबाहेर तिनं शिक्क्याचा कागद पदरात बांधला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"पोरगी मोठी झाली का तिले सांगन मी सगळं," ती म्हणाली. "तुमचं नाव नाही सांगणार. नावाचं काय करते ती? काय केलं, ते सांगन."

मी मान हलवली.

"अन् आता तुमी येऊ नका आमच्या घरी," सासऱ्यांकडं पाहत ती म्हणाली. "मामाजी काही म्हणत नाही. पण मले नाही पाहावत."

बसथांबा एकच होता आणि बसही एकच, यवतमाळची. ते दोघं पुढं बसले. मागं जागा होती, पण मला बसवेना, मी दाराजवळचा दांडा धरून उभा राहिलो. त्यांच्या गावचा फाटा आला तेव्हा कंडक्टरनं घंटी मारली. आधी सासरे उतरले. ती त्यांचा हात धरून खाली आली आणि दोघं कपाशीच्या कडेनं कच्च्या रस्त्याला लागले. कंडक्टर मला म्हणाला, "बसा न भाऊ, जागा आहे." मी बसलो.